गळवाल्यांचा अर्ज

अर्जात आधी लिहिलं होतं,
'आम्ही खाली सह्या करणारे मासेमार.'
दस्तगीर म्हणाला, मार खोडा, बरं दिसत नाही.
सदबा भोई म्हणाला, न्हाई खोडायचं.
मारतोयच की आपण.
सरकारी दारात जाताना खोटं कशाला न्यायचं?

मी उद्यमनगरात लेथवर असतो.
सहा दिवस लोखंडाचा कीस उडतो अंगावर.
सातव्या पहाटे प्रयाग चिखलीला,
वाकलेल्या करंजाखाली माझी जागा.
मोरपिसाची काडी पाण्यावर उभी राहिली
की डोक्यातलं मशीन आपोआप बंद पडतं.
बायको म्हणते, नदीनं ठेवलेला नवरा.

मागच्या आषाढात गळाला मळ्या लागला, जड.
घरी चिरला तर पोटात अंडी,
जोंधळ्याच्या कण्यांसारखी, गच्च.
बायकोचा विळीवरचा हात थांबला.
मी म्हटलं, कर.
तिनं केली. खाल्ली. चव होती.
हे अर्जात नाही,
पण अर्ज तिथूनच सुरू झालाय.

मग एका सकाळी बंधाऱ्याला
पांढरी पोटं, ह्या काठापासून त्या काठापर्यंत,
वर कावळेसुद्धा उतरेनात.
आणि वरच्या डोहात रात्री टोटे फुटतात,
त्याचा आवाज गावात सगळ्यांना येतो,
सकाळी कुणालाच आलेला नसतो.

आम्ही चौघं गेलो ऑफिसात.
बर्फाच्या डब्यात बंधाऱ्यावरचे सात मासे,
शिपायानं नाकाला रुमाल लावला.
साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला.
'तुम्हीच मारता, आणि तुम्हीच वाचवा म्हणता?'

उत्तर कुणाकडंच नव्हतं.
पंखा फिरत होता.
मग मागून लिमचंद बोलला, फासेपारधी,
ज्याला गेटवर दोनदा थांबवलं होतं.
'सायेब, माझा बाप तितराला फास लावायचा.
विणीची मादी घावली तर सोडायचा.
कायद्याला भिऊन न्हाई.
पुढच्या साली फास कशाला लावायचा मग?
म्या तर फासच सोडला.
पण कुठल्या बांधाला तितर बोलतो
ते अजून कानात हाय.
जो टपून बसतो ना,
त्यालाच आधी कळतं, कोण आलं नाही ते.'

मी पिशवीतून वही काढली.
बावीस वर्षांचे रविवार, ऑइलचे डाग पडलेले.
तारीख, पाण्याचा रंग, काय लागलं, किती बोटं.
वाम. मरळ. शिंगाळा. खडस.
पानं उलटत गेलं की नावं गळत जातात,
शेवटची चार पानं नुसती
'काही नाही. पाण्याला वास.'
साहेब एका नावावर बोट ठेवून म्हणाले,
'हा खडस केवढा असायचा?'

चौघांनी हात पसरले.
आता, गळवाल्याचे हात म्हणजे काय,
वीतभराचा मासा चहाच्या गाड्यावर पोचेपर्यंत
हातभर होतो, हे अख्ख्या कोल्हापूरला ठाऊक.
पण त्या दिवशी आठ तळव्यांमधलं अंतर
सारखंच निघालं.
जन्मात पहिल्यांदा कुणी माप वाढवलं नव्हतं.

साहेब बराच वेळ त्या अंतराकडं बघत होते.
मग त्यांनी आवकचा शिक्का मारला,
जरा तिरका.
पुढं काय, ते ते बोलले नाहीत,
आम्हीही विचारलं नाही.
मासे मात्र परत न्या म्हणाले.

ह्या आषाढात आमचे गळ
सदबाच्या आढ्याला, दोन महिने.
त्यानं स्वतः गाठ मारलीय, भोयाची,
माझ्यानं सुटायची नाही.
रात्री पाळीपाळीनं डोहावर जातो, बॅटरी घेऊन.
परवा दोघं पोरं टोटे टाकून पळाली,
त्यातला एक दस्तगीरचा पुतण्या होता.
दस्तगीरनं त्याचंही नाव दिलं,
आणि घरी जाऊन जेवला नाही.

काल माझी पाळी होती.
सवयीनं करंजाखाली बसलो,
हात उगाच काडी धरल्यासारखा.
पहाटेच्या अंधारात खालून वर
काहीतरी चढत गेलं, पाणी दुभंगत, भरल्या पोटाचं.
मी बॅटरी लावली नाही.

वहीत लिहिलंय:
एक. कोण ते कळलं नाही.